पणजीत मांडवी नदीवरची संध्याकाळची बोट क्रूझ करावी का? सोबत सासूबाई आणि दोन मुलं आहेत

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून गाडीने येताय, पणजीत एकच संध्याकाळ आहे, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, मुलं दहा आणि सहा वर्षांची, आणि यूट्यूबवर व्हिडिओ बघून तुमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते मस्त आहे आणि एक म्हणते नुसता धांगडधिंगा. दोन्ही पार्ट्या बरोबर आहेत हो. मी सावंतवाडीची, पणजी आम्हाला दीड तासावर, त्यामुळे मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले की त्यांना "गोवा दाखवणं" हे काम आपोआप माझ्या गळ्यात येतं आणि त्यात ही बोट ठरलेलीच.

सरळ सांगायचं तर ती क्रूझ म्हणजे पाण्यावर चालणारा तासाभराचा स्टेज शो आहे. नदी बघायची म्हणून तिकीट काढलंत तर चिडचिड होईल, मुलांना नाचायला मिळेल म्हणून काढलंत तर पैसे वसूल. आमची मावशी पहिल्यांदा आली तेव्हा डीजे सुरू झाल्यावर पाच मिनिटांत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गो, माका नदी दाखवूक हाडलंस की कोणाच्या वरातीत?" आणि तिचाच नातू त्याच वेळी स्टेजवर घाम फुटेस्तोवर नाचत होता, खाली उतरायला तयार नाही. तेव्हा तुमच्याकडे सासूबाई आणि मुलं दोन्ही आहेत म्हटल्यावर माझं उत्तर "करा, पण फक्त तीच करून परत जाऊ नका" असं आहे. का ते खाली लिहिते, जरा लांबेल.

बोटी सुटतात सांता मोनिका जेटीवरून, मांडवीच्या पुलांच्या अगदी पायथ्याशी, पणजीच्या पाटो भागाच्या बाजूला. सरकारी पर्यटन महामंडळाची आहे आणि खाजगी पण बऱ्याच आहेत, सगळ्यांचा मसाला साधारण सारखाच, वरच्या डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे छोटं स्टेज, मागे बार. तिकीट माणशी काही शे रुपये, रेट सीझनप्रमाणे हलतो म्हणून आकडा लिहीत नाही, काउंटरवर बोर्ड असतो तो वाचा. रस्त्यावर गाडी थांबवून "क्रूझ क्रूझ, डिस्काउंट" म्हणत मागे लागणारे असतात त्यांच्या नादी लागू नका, आमच्या एका पाहुण्यांनी तसं तिकीट घेतलं आणि जेटीवर गेल्यावर कळलं की सांगितलेली बोट वेगळी आणि बसवली ती वेगळी. काउंटरवरून घ्या आणि सुटायच्या अर्धा तास आधी लाईनीत उभे राहा, कारण सीट नंबर नसतो, जो आधी चढेल तो कठड्याजवळ बसेल.

आता कुठे बसायचं हे खरं महत्त्वाचं, आणि ते कोणी सांगत नाही. बोट जेटीवरून निघून पश्चिमेला म्हणजे समुद्राच्या दिशेने जाते आणि वळून परत येते. जाताना डाव्या हाताला पणजी शहर, जुनं सेक्रेटरिएट म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, पुढे चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली कला अकादमी, मग मिरामारची बाजू. उजव्या हाताला वर पर्वरीच्या टेकडीवर विधानसभेची इमारत, खाली बेती, वेरें आणि मग रेइश मागुशचा किल्ला, तो दुरून फार देखणा दिसतो, लाल जांभा आणि पांढरं चर्च. आता सूर्य कुठे मावळतो ते महिन्यावर आहे. थंडीत तो डावीकडे मिरामारच्या अंगाला जातो, मे महिन्यात उजवीकडे आग्वादच्या डोंगराच्या बाजूला सरकलेला असतो, आणि ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीच्या सुमाराला गेलात तर साधारण नदीच्या तोंडाकडेच उतरतो, तेव्हाचा देखावा सगळ्यात भारी. म्हणजे डिसेंबरात डावी बाजू धरायची, मेमध्ये उजवी.

आणि "सनसेट क्रूझ" या नावावर जाऊ नका. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुटणाऱ्या बोटीला हे नाव वर्षभर असतं, पण सूर्याला बोटीचं टाइमटेबल माहीत नाही ना! नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत सूर्य सहाच्या आसपासच मावळतो, म्हणजे तुम्ही लाईनीत उभे असताना कार्यक्रम संपलेला, बोटीवर मिळणार फक्त उरलेला लाल उजेड. मेमध्ये पावणेसात-सातला मावळतो, तेव्हा तीच सहाची बोट एकदम बरोबर. त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ मोबाईलवर बघायची आणि त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटणारी बोट धरायची, बस. अंधार पडल्यावरची बोट घेतलीत तर दिसणार काय, तर कॅसिनोंच्या बोटींचे लाईट. ते मांडवीत नांगर टाकून उभेच असतात, जांभळे हिरवे गुलाबी, पाण्यात सगळं सांडलेलं. मुलांना आवडतं. मला स्वतःला ते बघून नदीची दया येते, पण हे माझं झालं. आणि जेटीच्या परिसरात कॅसिनोची माणसं पण हाक मारतात, ते प्रकरण वेगळं आहे, 21 वर्षांखालच्यांना तिथे आत घेत नाहीत, त्यामुळे मुलं सोबत असताना तिकडे बघूच नका.

बोटीवर होतं काय ते सांगते म्हणजे सासूबाईंना आधी कल्पना देता येईल. सुटल्या सुटल्या अँकर माइक हातात घेतो, हिंदीत, "कहां कहां से आये हो", मग लहान मुलांना स्टेजवर बोलावतो, मग कपल्सना, मग फक्त पुरुषांना, मग फक्त बायकांना, प्रत्येकाला एक गाणं. मधे मधे गोव्याचे नाच, देखणी, फुगडी, कुणबी नाच आणि पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यु. हे नाच करणाऱ्या पोरी चांगल्या नाचतात खरंच, पण प्रेक्षक मोबाईल वर धरून स्वतःचाच व्हिडिओ काढत असतात. एकदा मी जिन्याजवळ बसले होते, तर काष्टी साडी, डोक्यात आबोलीचा गजरा अशा दोघी पायऱ्यांवर बसून एकाच पुडीतले वेफर्स खात होत्या, एक डोळा स्टेजवर. अँकरने नाव पुकारलं तशी एकीने पुडी दुसरीच्या मांडीवर टाकली, पदराला हात पुसले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि धावली. संध्याकाळभर एकामागून एक फेऱ्या करायच्या आणि प्रत्येक वेळी तेवढंच हसू, सोपं नाही. त्यांना टाळ्या तरी वाजवा म्हणून आमच्या पाहुण्यांना मी दरवेळी सांगते.

सासूबाईंसाठी काही गोष्टी. जेटीवरून बोटीत जाताना फळी असते आणि भरती-ओहोटीप्रमाणे ती कधी सपाट कधी तिरकी, खलाशी हात द्यायला उभा असतो, त्याचा हात नुसता धरू नका, त्याला मनगट धरू द्या, त्याची पकड पक्की असते. वरच्या डेकवर जायचा जिना अरुंद. स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूला असतात तेव्हा त्यांना मागे बसवा, पण बारच्या शेजारी नको कारण तिथे शनिवार-रविवारी जत्रा. बोट लागेल का विचारलंय, तर नदीत अजिबात लागत नाही, पाणी शांत असतं, फक्त आग्वादच्या आखाताकडे बोट वळते तिथे थोडी लाट जाणवते, ते पण पाचेक मिनिटं. पावसाळ्यात येणार असाल तर गोष्ट वेगळी, नदी लाल गढूळ असते, तोंडाशी वाळूचा दांडा असल्यामुळे मोठी लाट फुटते, खनिजाच्या बार्जसुद्धा त्या दिवसांत तोंडातून बाहेर न पडता कुंभारजुव्याच्या कालव्याने शेजारच्या जुवारी नदीत जातात. क्रूझ तशातही आतल्या आत फिरवतात, पण सरींमध्ये ताडपत्री खाली सोडली की मग नदी दिसत पण नाही, आत नुसता डीजे.

आता मी "फक्त तीच करू नका" का म्हटलं ते. मांडवी बघायची असेल तर पणजीच्या धक्क्यावरून बेतीला जाणारी साधी फेरीबोट घ्या. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, फुकट. पाचसात मिनिटांचा प्रवास, उभ्यानेच, आजूबाजूला ऑफिस सुटून घरी निघालेली माणसं, स्कूटरवर भाजीच्या पिशव्या, कोणीतरी मासळीची टोपली घेऊन. तुम्ही रत्नागिरीचे म्हणजे जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावेची फेरीबोट तुम्हाला नवीन नाही, पण ही शहराच्या मधोमध चालते त्याची मजा वेगळी. कठड्याला रेलून बघा, बोट समोरच्या धक्क्याकडे सरळ नाक करून जात नाही, ओहोटीला पाणी जोरात समुद्राकडे ओढत असतं म्हणून चालक तिला नदीच्या वरच्या अंगाला तिरकी धरतो आणि ती घसरत घसरत बरोबर धक्क्यावर येऊन लागते. मुलांना हे दाखवा, दहा वर्षांच्या पोराला नक्की कळेल. कुठलाही अँकर नाही, कोणी गाव विचारत नाही, आणि उतरायच्या आधी पणजीचे दिवे लागलेले पूर्ण दिसतात. बेतीला उतरून चहा घ्या आणि पुढच्या फेरीने परत या.

आमच्याकडच्या जुन्या लोकांना ही फेरीबोट वेगळ्याच कारणाने आठवते. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि मग कित्येक वर्षं सावंतवाडी-बांद्याकडून गेलेल्या माणसाला बेतीला येऊन फेरीनेच पणजी गाठावी लागायची. माझे बाबा गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात आजोबांना दाखवायला न्यायचे तेव्हा पावसात फेरीच्या रांगेत उभं राहिल्याच्या गोष्टी अजून सांगतात. आता तिथे शेजारी शेजारी तीन पूल आहेत, सगळ्यात उंच तो केबलचा अटल सेतू, 2019 ला सुरू झाला. क्रूझवर अँकर तो दाखवतो, सेल्फी घ्यायला लावतो, कोसळलेल्या पुलाबद्दल बोलत नाही, साहजिक आहे म्हणा, बोटीत बसलेल्यांना ते कशाला सांगायचं.

माझा प्लॅन असा असता. दुपारी चारला पणजीत पोचायचं, सासूबाईंना त्रास नको म्हणून जुन्या सेक्रेटरिएटच्या समोरच्या फुटपाथवर थोडं चालायचं, शेजारीच आबे फारिया या संमोहनविद्या जाणणाऱ्या गोवेकर पाद्र्याचा पुतळा आहे, बाईला संमोहित करणारा, मुलं तो बघून हमखास प्रश्न विचारतात. मग सूर्यास्ताच्या हिशोबाने आधी फेरीबोट, जाऊन-येऊन, आणि अंधार पडल्यावर मुलांसाठी क्रूझ. हो, उलट वाटेल पण हेच बरं. सूर्यास्त फेरीतून बघायचा आणि नाच अंधारात करायचा, कारण क्रूझवर सूर्य मावळताना स्टेजवर "सिर्फ जेंट्स" चालू असतं आणि कोणी तिकडे बघत नाही. सासूबाईंना दुसरी बोट नको असेल तर त्यांच्याबरोबर एकजण पणजीतल्याच मळा भागात म्हणजे फोंताइन्याश या जुन्या वस्तीच्या बाजूला कॉफी पीत बसा, तासाभराचाच प्रश्न आहे.

आणि एक, पणजीचा अट्टहास नसेल आणि मुलांपेक्षा सासूबाईंना खूश करायचं असेल तर जाताना वाटेत देवबाग-तारकर्लीला थांबा. कर्ली नदीत लहान होड्या मिळतात, संगमापर्यंत नेऊन आणतात, दोन्ही बाजूला माड, डीजे नाही, होडीवाला मालवणीत गावच्या गजाली सांगतो त्या फुकट. फक्त लाइफ जॅकेट मागून घ्या, "काय व्हतंय" म्हणाला तरी घ्या, आणि मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जाऊ नका, तेव्हा त्या होड्या बंद असतात.

बोटीवर जेवणाचं पॅकेज घेऊ नका, पणजीत उतरून साध्या खाणावळीत फिश थाळी घ्या. गाडी पाटोच्या पार्किंगला लावा, जेटीच्या तोंडाशी जागा शोधत बसलात तर बोट चुकेल.