वाचक विचारतात: खाजनाचा बांध, खचणारा किनारा आणि बाजारातले पाणी

प्रश्न : आमच्या खाजनाचा (भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध शाबूत आहे, तरी भात खाऱ्या पाण्याने करपले. बांध उंच करावा का? शेजारच्या खाजनातले भगदाड दोनदा बुजवले, दोन्ही वेळा वाहून गेले. असे का होते? (शेतकरी, दिवाडी, गोवा)

उंचीला हात लावण्याआधी मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडण्याची दाराची मोरी, तपासा. भरती चढली की नदीच्या दाबाने मानशीचे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. उधाणाच्या भरतीला आतल्या बाजूने उभे राहून पाहा. दाराच्या कडेने पाणी येत असेल, तर चौकटीत फांदी किंवा प्लास्टिक अडकले आहे किंवा लाकूड झिजले आहे. ओहोटीत चौकट साफ करून फळी बदलली की हे थांबते. मासळीसाठी भरतीत दार मुद्दाम उघडे ठेवले जात असेल, तर कितीही दुरुस्ती करा, शेत खारेच राहील. मानशीतल्या मासेमारीच्या लिलावाच्या अटींतच ते बंद करायला हवे.

खरा धोका बांधाच्या दगडी भिंतीच्या मागून झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. ते गढूळ दिसले तर बांधाची माती आतून वाहून जात आहे असे समजा. वरून सिमेंटचा गिलावा करून उपयोग नाही. ओहोटीत भिंतीमागची माती उकरून १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी चिकण चिखल धुमसून भरावा लागतो. कुर्ल्यांची बिळेही अशीच, तळापर्यंत उकरून भरा.

बांध उंच करायचाच असेल तर दोन-तीन हंगामांत, टप्प्याटप्प्याने करा. खालचा गाळ मऊ असतो. एकदम अर्धा मीटर माती चढवली तर तो बाजूला फुगतो आणि बांध खचतो. भरावाची माती बांधाच्या पायथ्याशी खणू नका. तिथे खड्डा पडला की बांधाचा आधारच जातो.

आता भगदाड. दोन्ही टोकांकडून माती ढकलत तोंड अरुंद करत गेल्याने ते वाहून जाते. तोंड जितके अरुंद, तितका पाण्याचा वेग जास्त. शेवटच्या दोन मीटरांत तळच उकरला जातो. त्याऐवजी माडाच्या खांबांच्या दोन रांगा ठोका आणि मधे मातीच्या पिशव्यांचा थर संपूर्ण रुंदीवर एकसारखा वर आणा. काम पावसाळ्यानंतर, सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या भरतीत काढा, कारण तेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. काम चालू असताना ओहोटीला मानशीचे दार पूर्ण उघडे ठेवा. आतले पाणी तिथून गेले की भगदाडावरचा ताण उतरतो.

शेतात शिरलेले मीठ पहिल्या पावसांत धुऊन काढा. पाणी साचू द्या, ओहोटीला सोडा, पुन्हा साचू द्या. भातासाठी मातीची क्षारता ३ डेसिसिमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पन्न घटू लागते. तेवढी उतरेपर्यंत पेरणीची घाई नको. कोरगूट हे भाताचे वाण थोडे जास्त मीठ सोसते.

प्रश्न : आमच्या मागे समुद्र सरकतोय, माड पडतायत. चिऱ्यांची भिंत घालावी का? (केरी, पेडणे)

नको. चिरा, म्हणजे जांभा दगड, समुद्रात झिजतोच, शिवाय तो हलका आहे. लाटेपुढे टिकायला दगडाला किती वजन लागते हे लाटेच्या उंचीच्या घनावर ठरते. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट जड हवा. १:२ उताराच्या दगडी बंधाऱ्यावर १ मीटर लाटेला साधारण १६५ किलोचा काळा दगड पुरतो, २ मीटरला १३०० किलोच्या वर लागतो. चिऱ्याला त्याच्या तिपटीहून जास्त वजन हवे, कारण त्याची घनता कमी. घरबांधणीचा चिरा जेमतेम ३० किलोच्या आसपास असतो. उभी भिंत लाट परतवते, परतलेली लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंतीच्या टोकाला शेजाऱ्याचा किनारा जास्त खचतो.

आधी मोजा. पावसाळ्यात वाळू समुद्रात जाते आणि ऑक्टोबरनंतर परत येते. एका पक्क्या खुणेपासून दर महिन्याला भरतीरेषेपर्यंतचे अंतर लिहा, दोन-तीन वर्षे. मे महिना मेशी आणि सप्टेंबर सप्टेंबरशीच ताडून पाहा.

वाळूचा डोंगर थोडा तरी उरला असेल तर झावळ्यांचे मीटरभर उंचीचे कुंपण, निम्मे सच्छिद्र, पावसाळ्यानंतर भरतीरेषेच्या वर लावा. वाऱ्याने वाळू तिथे धरते. जूनमध्ये मर्यादवेलीच्या ३० सेंटिमीटरच्या कांड्या निम्म्या पुरा. त्या मुळांनी वाळू बांधून ठेवतात. डोंगर सपाट करून तिथे काही उभारणे हा किनाऱ्याचा सर्वांत मोठा घात आहे. भिंत, कुंपण, काहीही असो, किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : नदीकाठी भिंत झाली, तरी बाजारात पाणी तुंबते. (साखळी)

भिंत वाळवंटी या नदीचे पाणी अडवते, तसेच बाजाराचेही. गटारांच्या तोंडाला एकदिशा झडप हवी, आणि नदी भरलेली असताना पंपच हवेत. हिशेब सोपा आहे. १ हेक्टरवर तासात ५० मिलिमीटर पडले आणि सगळे वाहिले, तर ५०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४० लिटर. पंप वीज गेल्यावर डिझेलवर चालतात का, आणि गाळणीच्या जाळीत कचरा अडकला की ती कोण साफ करते, हे मे महिन्यातच पालिकेकडे विचारा.