गॅलरी, गच्ची आणि घरची भाजी : वाचकांचे प्रश्न

पावसाचा जोर ओसरू लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरच्या भाजीचा खरा हंगाम सुरू होतो. कोकणपट्टीतील मुसळधार पावसाने झोडपलेल्या कुंड्या आता रिकाम्या करायच्या असतात, नवरात्राच्या सुमारास नवे बी टाकायचे असते आणि नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी निवडलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना एक आग्रह मी सर्वांकडेच धरणार आहे : भाजी ठरवण्याआधी जागा नीट पाहावी, म्हणजे तिथे ऊन किती वेळ येते आणि घातलेले पाणी कुठे जाते हे आधी समजून घ्यावे.

आमची गॅलरी उत्तरेकडे आहे. जूनमध्ये लावलेली टोमॅटोची रोपे कमरेएवढी झाली, पण खोड काडीसारखे राहिले आणि फुले आली तशी गळून गेली. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालते आहे. काय कमी पडते? — वाचक भगिनी, खारघर

आपल्या रोपांना ऊन कमी पडते आहे, आणि खत बहुधा गरजेपेक्षा जास्त होते आहे. घटस्थापनेला आपण देवापाशी परडीत धान्य पेरतो, ते नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण पिवळट आणि लवलवते राहते, कारण ते उजेडाच्या शोधात नुसते लांबत जाते. आपल्या टोमॅटोचेही तसेच झाले आहे. कमी उन्हात नत्रयुक्त खत वाढवत नेले तर पाने आणि उंची वाढते, मात्र फळ धरण्याइतके अन्न रोपाला तयार करता येत नाही.

उत्तरेकडील गॅलरीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. आपला परिसर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येतो, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात तो पूर्वेच्या उत्तरेला उगवून पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. म्हणजे आपल्या गॅलरीत ऊन येते ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, आणि त्यातले पावसाळ्याचे ऊन ढग अडवतात. सप्टेंबर संपला की मार्चपर्यंत तिथे थेट ऊन जवळजवळ येणारच नाही. टोमॅटोला दिवसाला किमान सहा तास ऊन लागते, त्यामुळे हिवाळ्यात या जागेत टोमॅटो घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन.

एका सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक आणि तीन वाजता गॅलरीच्या फरशीवर आणि कठड्यावर उन्हाची कड आखून ठेवावी. जिथे तीन-चार तास ऊन टिकते तिथे पालक, मेथी, लाल माठ आणि कोथिंबीर होते. जिथे नुसता स्वच्छ उजेड आहे तिथे अळू, पुदिना, ओव्याचे पान आणि नागवेल समाधानाने राहतात. आले आणि हळददेखील अर्धवट सावलीत चालते, फक्त त्यांची लागवड मे-जूनमध्ये करावी लागते. त्याशिवाय मुंबईच्या बाजारात वाळूसकट लहान जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी आपल्या ओळखीची असेलच. ती कोवळीच उपटलेली असते. तशीच मेथी दोन-तीन इंच खोलीच्या पसरट ट्रेमध्ये दाट पेरून दहा-बारा दिवसांत काढता येते, आणि तिला फार उन्हाची गरज भासत नाही.

ज्यांच्या घरी दक्षिणेचे किंवा पूर्वेचे मोकळे ऊन आहे त्यांनी मात्र टोमॅटोचे बी नवरात्रात जरूर टाकावे. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या आणि दिवसाचे ३५ अंशांच्या वर राहिले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. आत्ता पेरलेले रोप फुलावर येईपर्यंत ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असतो. फुले उमलल्यावर सकाळी दहाच्या सुमारास घोसाला बोटाने हलकी टिचकी मारावी, कारण परागकण झटकले जाण्यासाठी एरवी जो वारा आणि ज्या माश्या लागतात, त्या बंद जाळीच्या गॅलरीत फारशा पोहोचत नाहीत.

नौपाड्यात आमची जुनी चार मजली इमारत आहे. गच्चीवर विटांचे वाफे करून भाजी लावण्याची आम्हा काही सभासदांची इच्छा आहे, परंतु वजन आणि गळती या दोन कारणांनी इतरांचा विरोध आहे. त्यांची भीती योग्य आहे का? — एक सभासद, ठाणे (पश्चिम)

भीती योग्य आहे, आणि ती आकड्यांत मांडली तर दोन्ही बाजूंना पटेल. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल वाफा म्हणजे आठ घनफूट, सुमारे २२५ लिटर. पाणी प्यालेल्या साध्या मातीने तो भरला तर त्याचे वजन ४०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलोहून अधिक. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा आहे. जुन्या इमारतीत विटांचे मातीचे वाफे करूच नयेत, हा माझा सल्ला त्यावरूनच आहे.

याचा अर्थ गच्ची सोडून द्यावी असा नाही. वाफ्याऐवजी भाजीबाजारातले जुने जाळीदार प्लास्टिक क्रेट घ्यावेत. तुर्भ्याच्या घाऊक बाजाराच्या आसपास ते सहज मिळतात. आतून जुन्या साडीचे अस्तर लावावे, आणि ती साडी पॉलिस्टरची असावी, कारण सुती कापड ओल्या मातीत काही महिन्यांतच कुजते. तळाला नारळाची सोडणे आणि रसवंतीगृहातून आणलेले उसाचे चिपाड पसरावे. चिपाड आधी धुऊन वाळवावे, नाहीतर उरलेल्या गोडव्याला मुंग्या लागतात. त्यावर वाळलेला पालापाचोळा, घरचे कंपोस्ट, थोडे शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. मातीचा वाटा पाचवा हिस्सा पुरे. मिश्रण असे हलके आणि खोली सहा इंच ठेवली तर तेवढ्याच जागेवरचा भार सुमारे एक चतुर्थांशावर येतो, आणि क्रेटच्या दोन रांगांमध्ये रांगेइतकीच मोकळी वाट सोडली तर सरासरी भार आणखी निम्मा होतो. सहा इंचांत सर्व पालेभाज्या होतात. मिरची आणि वांग्यासाठी बारा इंच खोल बादल्या लागतात, त्या कठड्यालगत, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथेच ठेवाव्यात.

गळतीचा प्रश्न बहुतेक वेळा मुळांपेक्षा साचलेल्या पाण्यामुळे उद्भवतो. प्रत्येक क्रेट विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावा, म्हणजे खालून हात घालून फरशी झाडता येईल आणि पाणी अडणार नाही. पन्हळीच्या तोंडापासून चारही बाजूंनी दोन फूट जागा मोकळी ठेवावी आणि त्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ ही गच्चीवरच्या बागेची सर्वांत मोठी शत्रू आहे. गच्ची सर्वांच्या सामाईक मालकीची असल्याने सर्वसाधारण सभेची लेखी परवानगी घ्यावी, आणि इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला नियोजित मांडणीचा कागद आधी दाखवावा. विरोध करणाऱ्या सभासदांना त्याच सभेत हे आकडे वाचून दाखवले तर चर्चा सोपी होईल.

पालापाचोळ्यावर इतकी भाजी खरोखर होते का, अशी शंका कोणी काढलीच तर मुंबईचेच उदाहरण द्यावे. मुंबई बंदर न्यासाच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून भाजी आणि फळझाडांची बाग उभी केली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून मांडलेली, पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्याची पद्धत तिच्यामागे होती. आपल्या हवामानात हे काम उत्तम होते याची ती खात्री आहे.

घरी बादलीत कंपोस्ट करतो. पावसाळ्यात वास सुटला, आता त्यात राखाडी अळ्या वळवळताना दिसतात. सगळे फेकून द्यावे का? — वाचक, ऐरोली

फेकू नये. वास येतो तो ओलावा जास्त आणि हवा कमी झाल्याने. बादलीतला सर्व माल वर्तमानपत्रावर काढून मोकळा करावा, तळाला आणि बाजूंना तापवलेल्या खिळ्याने पुष्कळ छिद्रे पाडावीत, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक ओंजळीमागे दोन ओंजळी सुका पाला घालावा. नवी मुंबईच्या रस्त्यांवर सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष भरपूर आहेत. त्यांची पाने मुळातच बारीक असल्याने लवकर कुजतात, त्यामुळे झाडलोट होताना एक पोते भरून घरी ठेवले तर पुढचे काही महिने निघतात. मिश्रण मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये, ही साधी परीक्षा आठवड्यातून एकदा करावी.

अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असाव्यात. त्या कचरा झपाट्याने खातात, झाडांना अथवा माणसांना त्रास देत नाहीत, आणि सुका भाग वाढला की आपोआप कमी होतात. खारट लोणची, तेलकट उरलेले पदार्थ आणि मासळीचे अवशेष मात्र घरातल्या लहान बादलीत टाकू नयेत.

अकराव्या मजल्यावर दुधीचा वेल मांडवावर छान पसरला आहे. बोटाएवढे दुधी धरतात आणि पिवळे पडून गळतात. औषध सुचवावे. — वाचक भगिनी, कळवा

औषधाची गरज नाही, परागीभवन होत नाही एवढेच. दुधीला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असते, तर मादी फुलाच्या पाठीशी लव असलेला इवलासा दुधी पहिल्यापासूनच दिसतो. तो बोटाएवढा दुधी म्हणजे परागकण न मिळालेले मादी फूल असते. अकराव्या मजल्यावर कीटक क्वचित येतात, म्हणून हे काम आपल्यालाच करावे लागेल.

दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात. त्यामुळे सकाळी पाणी घालताना प्रयत्न करून उपयोग होत नाही. दिवेलागणीच्या सुमारास ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या अलगद मागे दुमडाव्यात आणि मधला परागकोश मादी फुलाच्या मधोमध असलेल्या जाडसर, चिकट कुक्षीवर सगळीकडे हलकेच फिरवावा. एका नर फुलात दोन मादी फुलांचे काम होते. तीन-चार दिवसांत दुधीचा देठ जाड होऊ लागला आणि दुधी खाली झुकला की फळ धरले असे समजावे. दोडक्याची फुलेही संध्याकाळीच उमलतात, परंतु कारले, काकडी आणि घोसाळ्यासाठी हेच काम सकाळी लवकर करावे.

वेलाला नुसती नर फुलेच दिसत असतील तर मुख्य शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुले अधिक येतात ती त्या फांद्यांवर. फळ धरल्यावर त्यावर डिंकासारखा थेंब दिसला किंवा ते वाकडे होऊ लागले तर ती फळमाशी आहे. अशा वेळी फळ धरताच त्यावर जुन्या मलमलीची पिशवी सैल बांधावी. एवढ्याने बहुतेक फळे वाचतात.

कुंड्यांखालच्या बशांमध्ये डासांच्या अळ्या होतात. महापालिकेचे कर्मचारीही बजावून गेले. — वाचक, कोपरी

बशा शक्यतो काढूनच टाकाव्यात आणि कुंड्या विटेवर ठेवाव्यात. शेजाऱ्यांच्या खिडकीवर पाणी गळते म्हणून बशी लागतच असेल तर ती वाळूने काठोकाठ भरावी, म्हणजे पाणी मुरते आणि अंडी घालायला उघडे पाणी उरत नाही. डेंग्यू पसरवणारा डास साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व बशा, पिंप आणि झाकणे कोरडी करून आतून घासावीत. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

दिवाळीत आठ दिवस गावी जाणार आहोत. शेजारी किल्ली देण्यासारखे कोणी नाही. मिरची आणि पुदिना जगवायचा आहे. — वाचक दांपत्य, नेरूळ

परकराची सुती नाडी या कामाला फार उपयोगी पडते. कुंड्या एकत्र सावलीच्या कोपऱ्यात आणाव्यात आणि मधोमध स्टुलावर पाण्याने भरलेली बादली अशी ठेवावी की तिचा तळ कुंड्यांच्या काठापेक्षा उंच राहील. नाडी आधी पाण्यात पूर्ण भिजवावी, कारण कोरडी नाडी पाणी ओढायला वेळ लावते. तिचे एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाशी सोडावे आणि दुसरे कुंडीतल्या मातीत तीन इंच खोल पुरावे. प्रत्येक कुंडीला स्वतंत्र नाडी लागते, मोठ्या कुंडीला दोन. नायलॉनमिश्रित नाडी पाणी ओढत नाही, म्हणून दुकानात शुद्ध सुती मागून घ्यावी. मातीवर नारळाच्या किशीचा किंवा सुक्या पाल्याचा दोन इंच थर दिला की बाष्पीभवन पुष्कळ कमी होते, आणि बादलीचे तोंड कापडाने घट्ट बांधले की डासांचाही प्रश्न राहत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी ही मांडणी करून बादलीत आतून पेन्सिलीने पाण्याची पातळी आखून ठेवावी. दोन दिवसांत ती किती उतरते ते पाहिले म्हणजे एक बादली पुरेल की दोन लागतील हे कळेल, आणि नाडी जास्त पाणी सोडत असेल तर बादली थोडी खाली आणून वेग कमी करता येईल.