बी फ्लॅट क्लॅरिनेटवर ‘इन ए’ आणि ‘इन सी’चे पार्ट कसे वाजवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हौशी ऑर्केस्ट्रात शूबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी आणि बीथोवनची पाचवी बसवायला घेतली आहे. पार्टवर (तुमच्या वाद्याच्या स्वरलिपीच्या कागदावर) कुठे ‘इन ए’, कुठे ‘इन सी’, म्हणजे ए किंवा सी क्लॅरिनेटसाठी, असं लिहिलंय आणि तुमच्याकडे फक्त बी फ्लॅट क्लॅरिनेट आहे. दुसरं वाद्य न घेता जमेल का? जमेल. फक्त एकेक स्वर मोजत बसू नका, सगळा पार्ट नव्या की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटमध्ये; शार्प स्वर अर्धा चढवतो, फ्लॅट अर्धा उतरवतो) वाचायची सवय लावा.

कागदावरचा सी वाजवला की पेटीच्या भाषेत सी क्लॅरिनेटमधून पांढरी एक ऐकू येते, बी फ्लॅटमधून काळी पाच आणि ए क्लॅरिनेटमधून पांढरी सहा. म्हणजे तुमचं वाद्य सी क्लॅरिनेटपेक्षा पूर्ण स्वर उतरलेलं आणि ए क्लॅरिनेटपेक्षा अर्धा स्वर चढं आहे. भरपाई उलट दिशेने करायची: ‘इन सी’ पूर्ण स्वर वर, ‘इन ए’ अर्धा स्वर खाली.

जुन्या पार्टवरची अक्षरंही नीट बघा. जर्मन छपाईत ‘इन बी’ म्हणजे बी फ्लॅटच, तिथे काही बदलायचं नाही. इटालियन पार्टवर ‘ला’ म्हणजे ए आणि ‘दो’ म्हणजे सी. फ्रेंचमध्ये सी साठी ‘उत’ लिहितात.

पाचव्या सिंफनीचा शेवटचा भाग ‘इन सी’ आहे आणि तो सोपा. प्रत्येक स्वर स्टाफवर एक घर वर वाचा आणि की सिग्नेचरमध्ये दोन शार्प वाढवा (किंवा दोन फ्लॅट कमी करा). सी मेजरचा डी मेजर होतो. मध्येच शार्प-फ्लॅट आले तर फक्त ई आणि बी या दोन स्वरांकडे लक्ष ठेवा: त्यांच्यावरचा फ्लॅट तुमच्याकडे नॅचरल (ना शार्प, ना फ्लॅट) होतो, नॅचरलचा शार्प होतो. बाकी स्वरांवरचं चिन्ह तसंच राहतं. हाताला मात्र एक अडचण येते. मूळचा मधला जी–ए हा घशातल्या स्वरांचा (खालच्या पट्टीतल्या सर्वांत वरच्या, जवळजवळ मोकळ्या भोकांच्या स्वरांचा) सोपा फेरा तुमच्याकडे ए–बी होतो, म्हणजे थेट ब्रेकवरून (दोन पट्ट्यांमधल्या सांध्यावरून) उडी. घशातला ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर टेकवून ठेवा, मग बीवर जाताना सगळी बोटं एकदम टाकावी लागत नाहीत.

खरी मेहनत ‘इन ए’ची. इथे दोन नियम आहेत आणि कोणता लावायचा हे पार्टची की सिग्नेचर ठरवते.

पार्ट शार्पवाला असेल तर स्वराचं अक्षर तेच ठेवा आणि सातातून शार्प वजा करा. उरतील तितके फ्लॅट. एक शार्पचा जी मेजर सहा फ्लॅटचा जी फ्लॅट मेजर होतो. ‘अपूर्ण’चा दुसरा भाग असाच आहे. आगंतुक (मध्येच येणारी) चिन्हं एक पायरी उतरतात: शार्पचा नॅचरल, नॅचरलचा फ्लॅट, फ्लॅटचा डबल फ्लॅट. डबल फ्लॅट दिसला की पेन्सिलीने साधं नाव लिहून टाका, बी डबल फ्लॅट म्हणजे ए.

पार्ट फ्लॅटवाला असेल तर प्रत्येक स्वर एक घर खाली वाचा आणि पाचातून फ्लॅट वजा करा. उरतील तितके शार्प. ‘अपूर्ण’चा पहिला भाग ए क्लॅरिनेटसाठी डी मायनरमध्ये, एका फ्लॅटचा आहे, तुमच्यासाठी चार शार्पचा सी शार्प मायनर. आगंतुक चिन्ह मूळ स्वराला जितकं चढवतं तितकंच तुम्हीही चढवा. म्हणजे तिथला सी शार्प तुमचा बी शार्प, बोटांनी सीच; तिथला बी नॅचरल तुमचा ए शार्प. काहीच चिन्हं नसलेला सी मेजर पाच शार्पचा बी मेजर होतो.

चुका बहुतेक डोळ्यांपेक्षा करंगळ्यांच्या असतात. साध्या बोम (नेहमीच्या की-रचनेच्या) क्लॅरिनेटवर मधल्या सप्तकाचा डी शार्प फक्त उजव्या करंगळीत आहे, म्हणून बी–सी शार्प–डी शार्प ही चढण बी उजवीने, सी शार्प डावीने, डी शार्प उजवीने अशीच घ्यावी लागते. फ्लॅटमध्ये सी–डी फ्लॅट–ई फ्लॅटलाही उजवी, डावी, उजवी. पार्टवर आधीच ‘उ’ आणि ‘डा’ लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. मूळचा मधला बी–सी ट्रिल (दोन स्वर भराभर आलटूनपालटून) तुमच्याकडे घशातल्या ए शार्पवरून बीवर, म्हणजे ब्रेकवर येतो. नेहमीच्या बोटांनी तो स्वच्छ वाजत नाही, ए शार्प धरून उजव्या हाताच्या बाजूच्या ट्रिल कीने घ्यावा लागतो. तसंही जमलं नाही आणि शेजारच्या वादकाकडे ए क्लॅरिनेट असेल तर त्यालाच द्या.

एक स्वर तर मिळतच नाही. ए क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा ई वाजवायला तुम्हाला त्याखालचा ई फ्लॅट लागेल आणि साध्या वाद्याला ती कीच नसते. तेवढा स्वर सप्तकभर वर घ्या. बेलमध्ये पुठ्ठ्याची नळी खोचून खालचा ई उतरवण्याची युक्ती काही जण करतात, पण तिने मधला बीसुद्धा बिघडतो. एखाद्या एकट्या लांब स्वरापुरतीच ती बरी. बास क्लॅरिनेटला खालची ई फ्लॅट की याचसाठी उपयोगी पडते; तिथे ए बासचे पार्ट बी फ्लॅटवर पूर्ण वाजतात.

माझं मत विचाराल तर ‘इन सी’ बघता बघता वाचायला शिका, दोन-तीन आठवडे रोज एक पान पुरतं. ‘इन ए’चे संथ भाग तसेच वाचा, पण वेगाचे भाग सरळ लिहून काढा. म्यूझस्कोर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर ए क्लॅरिनेटच्या ओळीवर भरा आणि मग त्या ओळीचं वाद्य बी फ्लॅट करा. बदल आपोआप होतो. त्यानंतर की सिग्नेचर तपासा. सात फ्लॅट आले असतील तर तीच ओळ पाच शार्पमध्ये करून घ्या.

मोत्सार्टचा 1791चा कॉन्चेर्टो मात्र असा वाजवू नका. पियानोबरोबर वाजवायचा असेल तर त्याच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी छापलेल्या आवृत्त्या मिळतात. त्यात साथ अर्धा स्वर चढवून बी फ्लॅट मेजरमध्ये आणलेली असते आणि तुमचा पार्ट मूळच्या सी मेजरमध्येच राहतो.

तालमीआधी एकदा पेटीवर पडताळा. ‘इन ए’ पार्टमधला कुठलाही सी घ्या, तुमच्या वाद्यावर बी वाजवा. पांढरी सहा ऐकू आली पाहिजे.