उरलेला भात रात्रभर बाहेर राहिला, तर सकाळी कडक गरम करून खाल्लेला चालतो का?

नाही, रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कितीही वाफाळेपर्यंत गरम केला तरी सुरक्षित होत नाही, कारण त्रास देतं ते जिवाणूंनी आधीच भातात सोडलेलं विष. बॅसिलस सिरियस हा मातीतला जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो. त्याचे जाड आवरणाचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगून राहू शकतात. भात कोमट झाला की ते रुजतात, जिवाणू दुभागत झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या काही जाती सेरियुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष 121 अंश सेल्सियसलाही टिकतं, मग फोडणीने किंवा मायक्रोवेव्हने ते कसं जाणार? शिवाय अशा भाताला वास येईलच असं नाही, म्हणून हुंगून ठरवू नका. खाल्ल्यावर साधारण 1 ते 6 तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. लघवी कमी झाली किंवा ग्लानी आली तर लगेच डॉक्टरांकडे न्या. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका, विषावर त्यांचा उपयोग नाही.

मात्र फोडणीचा भात सोडायची गरज नाही. उरलेला भात पसरट भांड्यात निववून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून एकदाच नीट गरम करा.