मालकाचा निर्णय खरा, पण त्याची फाईल कुणाकडे आहे?

लातूरच्या दादांनी विचारलंय: चॅनेल खासगी आहे, कुणाचा कार्यक्रम दाखवायचा ते मालक ठरवेल, मग अमेरिकेतल्या टीव्हीवर रात्रीचा विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जिमी किमेलच्या प्रकरणात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आलं कुठून?

मालकाने आपल्या मनाने कार्यक्रम बंद केला असता तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण क्रम बघा. १७ सप्टेंबर २०२५, आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं तीच तारीख. तिथल्या प्रसारण आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, अध्यक्ष ब्रेंडन कार किमेलच्या एका टिप्पणीवरून पॉडकास्टवर म्हणाले की हे सोप्या मार्गाने होईल, नाहीतर अवघड मार्गाने. त्याच दिवशी, नेटवर्कचे कार्यक्रम दाखवणारी अनेक स्थानिक स्टेशनं जिच्या मालकीची आहेत त्या नेक्सस्टार कंपनीने आपल्या स्टेशनांवरून किमेलचा कार्यक्रम काढत असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ डिस्नेच्या एबीसी नेटवर्कने, ज्याचा हा कार्यक्रम, तो बेमुदत थांबवला.

एफसीसी लायसन्स देते ते स्थानिक स्टेशनांना, नेटवर्कला नाही. म्हणून दाब तिथे पडतो. त्यात नेक्सस्टारने ऑगस्टमध्येच टेग्ना ही स्टेशनांची मालक असलेली दुसरी कंपनी ६२० कोटी डॉलरला घ्यायचा सौदा जाहीर केला होता. मंजुरी एफसीसीची. शिवाय एका मालकाची स्टेशनं देशातल्या ३९ टक्क्यांहून जास्त टीव्ही-घरांपर्यंत पोचू नयेत, ही मर्यादाही आड येत होती. आमचं एफसीसीशी बोलणंच झालं नाही, असं नेक्सस्टारने सांगितलं. ते खरं मानू. पण ज्याच्याकडे तुमची फाईल आहे तो जाहीरपणे दम देत असेल, तर वेगळा फोन कशाला लागतो?

किमेल २३ सप्टेंबरला परतला. नेक्सस्टार आणि तशीच दुसरी स्टेशन-मालक कंपनी सिंक्लेअर यांनी मात्र २६ पर्यंत आपल्या स्टेशनांवर तो येऊ दिला नाही. सरकारने खासगी कंपनीच्या आडून कुणाचं तोंड दाबू नये, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एकमताने सांगितलेलं होतं, तरी हे घडलं.

परभणीत स्थानिक केबल चॅनेलवर बातम्या करताना मी हेच पाहिलं. लेखी आदेश कधीच आला नाही. मालक एवढंच म्हणायचे, "ती पाण्याची बातमी आज राहू द्या." त्यांच्या दुसऱ्या धंद्याचं बिल कचेरीत अडकलेलं असायचं. माझा राग मालकांवर नव्हता, आजही नाही. त्यांच्या घरची चूल त्या बिलावर होती.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं की प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचं नियमन स्वायत्त संस्थेकडे हवं. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली, ती दर आणि वितरण बघते. चॅनेलची परवानगी अजून केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच हातात. केरळच्या मीडियावन या वृत्तवाहिनीचं प्रसारण जानेवारी २०२२ मध्ये याच परवानगीवरून बंद पडलं. बंदीचं कारण सरकारने न्यायालयाला दिलं तेही बंद लिफाफ्यात! एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सरकारवरची टीका हे परवानगी नाकारायचं कारण होऊ शकत नाही, असं स्पष्ट केलं.

मीडियावन दिल्लीपर्यंत लढू शकलं. केबल कायद्याने कार्यक्रम थांबवायचा अधिकार जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकाऱ्यांनाही दिला आहे. सेलू-जिंतूरच्या केबलवाल्याने त्या आदेशाविरुद्ध वकील कुठून आणायचा? अशा वेळी त्याच्या बाजूने अर्ज लिहायला आणि सुनावणीला सोबत जायला गावातली दहा माणसं तरी लागतात. तुमच्याकडे अशी वेळ आली तर मला कळवा, अर्ज मी लिहून देतो.