कार घेताना कंपनी कोणत्या देशाची आहे हे बघावं का?

घरचे 'देशीच घे' म्हणतायत आणि तुमचं मन ह्युंदाईवर बसलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, देश सोडा. कंपनी इथं टिकणार का ते बघा.

मी भोसरीत एका व्हेंडरकडे, म्हणजे कार कंपन्यांना पार्ट्स पुरवणाऱ्याकडे, क्वालिटीला आहे. सकाळी आमच्या प्रेसवर एका देशी कंपनीचे ब्रॅकेट निघतात, डाय (साचा) बदलली की त्याच प्रेसवर जर्मन कंपनीचे. ऑपरेटर तोच आणि रिजेक्शन आलं की शिव्या खाणारा मीच. आरसीवरचा चॅसी नंबर बघा: मारुतीचा 'एमए३', टाटाचा 'एमएटी', ह्युंदाईचा 'एमएएल'ने सुरू होतो. यातलं 'एमए' म्हणजे गाडी भारतात बनलेली.

आणि देशी म्हणायचं तरी कोणाला? मारुती सगळ्यांना घरची वाटते, पण निम्म्याहून जास्त शेअर सुझुकीचे. सरकार २००७ मध्येच पूर्ण बाहेर पडलं. एमजी नावाला ब्रिटिश, मालक चिनी 'साइक' आणि जोडीला आपली जेएसडब्ल्यू. टोयोटाची ग्लांझा म्हणजे लोगो बदललेली मारुतीची बलेनो. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन तर टाटाच्या विस्टातही होतं आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही. गाडीवाले त्याला गमतीनं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे!

खरा फटका बसतो तो कंपनीनं गाशा गुंडाळला की. शेवरोलेची विक्री २०१७ अखेर बंद झाली, तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. २०२१ मध्ये फोर्डनंही इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. पार्ट्स मिळत राहिले, पण अशा गाडीला जुन्या बाजारात काय भाव येतो ते एखाद्या एजंटला विचारून बघा.

घरच्यांचं अगदीच चूक नाही हं. टाटा-महिंद्राचं डिझाइनचं बरंचसं काम इथं होतं, नफाही इथं राहतो. त्यासाठी देशी घ्यायची असेल तर खुशाल घ्या. फक्त 'देशी म्हणजे मजबूत' हे गणित लावू नका. २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले हे खरं, पण २०२२ मध्ये चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या टायगुन आणि स्कोडाच्या कुशाक या परदेशी कंपन्यांच्या गाड्यांनाही मिळाले. स्टार मॉडेलचे असतात, कंपनीचे नाहीत.

बजेट किती आणि जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब, ते कमेंटमध्ये टाका. मग नेमकं मॉडेल सांगतो.