पीएचपीमध्ये 'आरएमडिर' वापरूनही डिरेक्टरी डिलीट होत नाही, काय करावे?

'आरएमडिर' हे फंक्शन केवळ रिकामी डिरेक्टरी काढून टाकते. आत एखादी फाइल किंवा उपडिरेक्टरी शिल्लक असेल, तर ते वॉर्निंग देऊन 'फॉल्स' परत करते. म्हणून आधी 'स्कॅनडिर'ने आतील यादी मिळवावी, तीत येणाऱ्या एक टिंब आणि दोन टिंबे या नोंदी (चालू व वरची डिरेक्टरी) न चुकता वगळाव्यात, फाइल असल्यास 'अनलिंक' वापरावे, उपडिरेक्टरी असल्यास हे सर्व करणाऱ्या तुमच्या फंक्शनने तिच्यासाठी स्वतःलाच पुन्हा कॉल करावा आणि सर्वांत शेवटी 'आरएमडिर' चालवावे.

माझ्या मते खरा धोका सिम्लिंकचा (दुसऱ्या ठिकाणच्या फाइलकडे किंवा डिरेक्टरीकडे नेणाऱ्या लिंकचा) आहे. 'इज_डिर' हे फंक्शन डिरेक्टरीकडे नेणाऱ्या लिंकलाही 'ट्रू' असेच उत्तर देते, त्यामुळे तुमचा कोड त्या लिंकमधून भलत्याच ठिकाणी जाऊन तिथल्या फाइली पुसून टाकू शकतो. म्हणून 'इज_लिंक'ची तपासणी नेहमी आधी करावी आणि लिनक्सवर 'अनलिंक'ने फक्त ती लिंकच काढावी. पाथ वापरकर्त्याकडून येत असेल, तर 'रिअलपाथ'ने पूर्ण पाथ मिळवून तो ठरलेल्या डिरेक्टरीच्या आतलाच आहे, याची खात्री केल्याखेरीज काहीही डिलीट करू नये.